एक तुर्की, एक जर्मन आणि एक कडप्पा

माझ्या मामंजींइतका निराश माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि आपल्या निराशेची इतक्या प्रेमाने निगा राखणारा तर पुढच्या जन्मातही भेटायचा नाही. इतर माणसं काही वाईट घडलं की निराश होतात. मामंजी सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुण्याच्याही आधी, निराश असायचे; मग दिवसभरात जे काही बरं घडेल त्याने त्यांच्या निराशेत भरच पडायची. आंबा गोड निघाला तर म्हणायचे, "पेटीतला हाच काय तो." मुलाला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "म्हणजे आता ती टिकवणं आलं." जगातल्या यच्चयावत वस्तूंची धार गेलेली आहे, हे त्यांचं मत होतं. चहाला धार नाही, वर्तमानपत्राला धार नाही, कीर्तनकाराच्या आवाजाला धार नाही. माझ्या लग्नात मी उखाणा घेतला तेव्हा अख्खा मांडव हसला. मामंजी नवे व्याही या नात्याने माझ्या वडिलांच्या शेजारी बसले होते. ते वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "मुलगी गुणी आहे. उखाण्याला धार नाही." माझे वडील त्या पंगतीत श्रीखंड न खाता उठले.

आता धार या शब्दावर त्यांचा एवढा जीव का, ते सांगते. गोदीत टॅली क्लार्क म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली. बोटीतून उतरणाऱ्या पेट्या मोजायच्या, हे काम. पण बोटीवर माल असतो तशी माणसंही असतात, आणि माणसांना दाढ्या असतात. लढाईच्या बऱ्याच आधी कुठल्याशा जर्मन बोटीवरच्या न्हाव्याने मामंजींना वस्तरा दगडावर कसा फिरवायचा ते फुरसतीने दाखवलं, आणि तिथून हा माणूस जो बिघडला तो बिघडलाच. धार लावायचा दगड म्हणजे माझ्या माहेरी विळीला लावायचे तोच, अशी माझी समजूत होती. मामंजींनी ती पहिल्याच आठवड्यात दूर केली. वस्तऱ्याचे दगड वेगळे. डोंगराच्या पोटात गाळावर गाळ बसून ते तयार व्हायला युगं लागतात, आणि ते दर डोंगरात नसतात. एखाद्या देशात एखादीच खाण असते. त्यातल्या बऱ्याचशा खाणी खणून खणून संपल्या. आता बाजारात मिळतात ते कारखान्यात भुकटी दाबून केलेले. "त्या साबणाच्या वड्या," मामंजी म्हणायचे. "त्यांनी पाटा-वरवंटा घासावा." त्यामुळे जुन्या बोटींवरून, म्हाताऱ्या खलाशांकडून, चोरबाजारातल्या भंगारातून त्यांनी आयुष्यभर दगड गोळा केले. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एका खाटेखाली मावेल एवढी ट्रंक त्या दगडांनी भरलेली होती. चाळीतल्या इतर बायका पलंगाखाली पापड-कुरडयांचे डबे ठेवत. आमच्याकडे तिथे युरोप होता.

प्रत्येक दगड जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. कुणावरही नाव लिहिलेलं नाही. नाव लिहावं लागतं ते अनोळखी माणसाचं, असं त्यांचं म्हणणं. जर्मन दगडाला फक्त पाणी चालायचं, तुर्कीला फक्त तेल. उलट केलं तर दगड मेला. पाणीसुद्धा नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यात मुन्सिपाल्टी औषध घालते. ते खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंच्या विहिरीवरून तांब्याभर पाणी आणायचे, आणि जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात तशा भक्तिभावाने दगडावर चार थेंब शिंपडायचे. मग वस्तरा दगडावर आडवा टेकवून असा हलकेच ओढायचे की आवाज यायचा तो मांजर दूध पितं तेवढाच. त्या वेळी घरात कुणी भांडं आपटलं तर मामंजी डोळे मिटून घेत आणि "गेली" म्हणत. काय गेली ते विचारायची सोय नव्हती.

धार लागली की नाही हे बघायची शेवटची परीक्षा म्हणजे केस. सुटा केस दोन बोटांत धरून पात्यावर नुसता टेकवायचा. काही न कळता तुटला तर वस्तरा लागला. मामंजींच्या स्वतःच्या डोक्यावर परीक्षेला बसण्याजोगं काही उरलं नव्हतं, आणि सासूबाईंनी नवी नवरी असतानाच "माझ्या केसाला हात लावाल तर माहेरी जाईन" असं बजावलेलं. त्यामुळे दर रविवारी सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहात, घसा खाकरत आणि आत न बघता म्हणत, "सूनबाई, एक केस मिळेल का?" माझ्या मैत्रिणींचे सासरे चहा मागत, माझे सासरे केस मागत. मी फणीतला काढून देई. तो केस घेऊन ते उजेडाकडे जात, आणि बहुतेक वेळा आतून सुस्कारा ऐकू येई. "केस चांगला आहे," ते मोठ्या मनाने कळवत. "दोष माझा आहे." मग पुन्हा पहिल्यापासून. दुपारची पानं वाढली तरी दाढी व्हायची नाही. झालीच तर डाव्या गालापर्यंत यायची आणि तिथे त्यांना धार उतरल्यासारखी वाटायची. एकदा एका मुंजीला ते भर वैशाखात गळ्याभोवती आणि उजव्या गालावरून मफलर गुंडाळून आले होते. बटूच्या आजीने काळजीने विचारलं, "दाढ दुखते का?" मामंजी म्हणाले, "दाढ नाही हो. दाढी."

सगळ्या दगडांत त्यांचा जीव अडकलेला होता तो बेल्जमच्या दगडात. वर लोण्यासारखा पिवळा थर आणि खाली जांभळा. तो एका बोटीवरच्या न्हाव्याकडून त्यांनी अंगातला कोट देऊन घेतला होता. कचेरीत घालायचा एकुलता एक कोट. घरी शर्टावर आले. "कोट देऊन धोंडा आणला," एवढं एकच वाक्य त्यावर सासूबाई बोलल्या, पण ते वाक्य त्या नंतर वीस वर्षं बोलत राहिल्या. पाहुणा आला की चहाबरोबर ते वाक्य मिळायचं.

या सगळ्यात आमच्या ह्यांनी काय करावं? नोकरीच्या पहिल्याच महिन्यात फोर्टातून पाती घालायचं दाढीचं यंत्र घरी आणावं! लग्नाआधीची गोष्ट, पण तिचे पडसाद मी पुढे रोज ऐकले. मामंजींनी ते यंत्र हातात घेतलं, पातं काढलं, उजेडात धरलं, परत घातलं आणि म्हणाले, "पत्रा." त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. म्हणजे अगदी अबोला नव्हे. बोलणं आधी सासूबाईंमार्फत आणि लग्नानंतर माझ्यामार्फत व्हायचं. "त्याला सांग, पत्र्याने खरवडून झालं असेल तर आरसा मोकळा कर." हे तीन हातांवर उभे असायचे, तरी मी सांगायची. "बाबांना म्हणावं, आरसा मोकळाच आहे." मीही तेवढ्याच गंभीरपणे मामंजींना कळवायची. पुढे पुढे मी मधली वाक्यं थोडी गोड करून पोचवायला लागले, पण मामंजींच्या ते लक्षात यायचं. "हे तो नाही बोलला," ते म्हणायचे. "त्याला एवढं सुचत नाही." आपल्यामागे या दगडांना घरात कुणी ओळखणारं नाही, हे त्यांचं खरं दुःख होतं. एकदा ट्रंक बंद करताना, मी जवळ आहे हे विसरून, ते स्वतःशीच म्हणाले, "मी गेलो की ही बाई यांच्यावर चटणी वाटेल." ही बाई म्हणजे सासूबाई. त्या आतून ओरडल्या, "तुम्ही असतानाच वाटीन!"

मग ते दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! गिरगावात त्या वेळी दूधवालासुद्धा दाराशी येऊन घोषणेनेच दूध घालायचा. ह्यांची कचेरी सुटली की पाय सभेकडे वळायचे. दगड मारणाऱ्यांतले हे नव्हते. ओले रुमाल घेऊन हिंडायचे, अश्रुधुराने ज्यांचे डोळे चुरचुरत त्यांना द्यायला. मामंजींचाही मनातून पाठिंबा होता, पण त्यांच्या पद्धतीचा. "झालाच पाहिजे म्हणतात ना, तो होत नाही," ते म्हणायचे. "आणि झालाच, तर मुंबई देतील आणि समुद्र काढून घेतील." कर्फ्यूत न्हाव्यांची दुकानं बंद झाली तेव्हा चाळीतले पुरुष वाढलेल्या दाढ्या घेऊन मोठ्या आशेने मामंजींकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाईक मिळालं. त्यांनी आनंदाने पहिला वस्तरा दगडावर धरला, आणि त्याला मनासारखी धार लागायच्या आत कर्फ्यू उठला.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठी दगडफेक झाली. काही दगड आमच्याच चाळीच्या गॅलरीतून आले असं पोलिसांचं म्हणणं पडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झडती सुरू झाली. एक इन्स्पेक्टर, एक म्हातारा हवालदार आणि दोन शिपाई एकेक खोली बघत आमच्याकडे आले. इन्स्पेक्टर मराठीच होता. झोप न मिळाल्याने त्याचे डोळे तांबारलेले होते, आणि या कामाचा त्याला स्वतःलाच कंटाळा आलेला दिसत होता. आमच्या घरात बघण्यासारखं होतंच काय? तो परत फिरणार एवढ्यात हवालदाराचा बूट खाटेखालच्या ट्रंकेला लागला. ट्रंक जागची हलली नाही.

"यात काय आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"दगड," मामंजी म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी कपाळाला हात लावला. हवालदाराने ट्रंक ओढून उघडली आणि वरचं एक धोतराचं फडकं सोडलं.

"दगड कशासाठी ठेवलेत?"

"धार लावायला."

"कशाला धार?"

या विषयात एखाद्या सरकारी माणसाने रस घेतल्याचं मामंजी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ते लगबगीने उठले, फळीवरची पेटी काढली आणि सगळे वस्तरे एकापुढे एक इन्स्पेक्टरसमोर उघडून मांडले. कोवळ्या उन्हात ते असे चमकले की एक शिपाई मागे सरला. इन्स्पेक्टर आमच्या स्टुलावर बसला. थोडा वेळ त्याने कधी दगडांकडे, कधी वस्तऱ्यांकडे, कधी मामंजींकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चपला घाला, आजोबा. चौकीवर चला."

तेव्हा हे पुढे झाले. "साहेब, दगड माझे आहेत. वस्तरेही माझे. वडिलांचा यात काही संबंध नाही. त्यांना दमा आहे, त्यांना नेऊ नका."

दमा खरा होता. आत टाकलेले लोक कसल्या गर्दीत कोंबलेले असतात ते हे ऐकून होते. वडिलांना वाचवायचं चाललंय, हे इतकं साधं होतं, की सासूबाईंनाही कळलं, मलाही कळलं. कळलं नाही ते एकट्या मामंजींना.

"याचे?" ते कडाडले. "याचे दगड? साहेब, हा पत्र्याने दाढी करतो! याला यातल्या एकाचं तरी नाव सांगता येतं का विचारा!"

"अहो, गप्प बसा," सासूबाई दारातून म्हणाल्या. पण ही परीक्षा घ्यायची वाट मामंजी किती वर्षं बघत होते!

"तुम्हीच विचारा," इन्स्पेक्टर म्हणाला.

मामंजींनी एक काळपट निळा दगड उचलला आणि मुलाच्या नाकासमोर धरला. बापलेक एकमेकांशी थेट बोलत असल्याचं मी लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"हा?"

"जर्मन," हे म्हणाले. "पाण्यावर. तेल लागलं तर मेला."

मामंजींच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरा काढला. "आणि हा?"

"तुर्की. तेल. दमट दिवसांत याला बाहेर काढायचं नाही."

"हा?"

"विलायती. हिरव्यावर लाल ठिपके आहेत तो. तेल, पण थेंबभरच."

हवालदार ऐकताना तोंड उघडं ठेवून उभा होता. मामंजींनी तळातून एक काळा चौकोनी दगड काढला. "हा सांग. हा सांग बघू."

हे जरा थांबले. "बाबा, हा राहू दे."

"बघा साहेब! नाही सांगता येत!"

"हा जपानी म्हणून तुम्हाला चोरबाजारात दिला," हे हळूच म्हणाले. "हा कडप्पा आहे. आपल्या मोरीत घातलाय तोच. तुम्हालाही ठाऊक आहे."

मामंजींना ठाऊक होतं. फसवणारा माणूस म्हातारा होता आणि मोठ्या आशेने बघत होता म्हणून त्यांनी तो घेतला होता, हे मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. इन्स्पेक्टरने तो कडप्पा मामंजींच्या हातून घेऊन बाजूला भिंतीशी ठेवला. मग मामंजींनी धोतराचं शेवटचं फडकं सोडलं. पिवळा आणि जांभळा.

"बेल्जमचा," हे म्हणाले. "दोन थर चिकटवलेले नाहीत, खाणीतून निघाले तसेच आहेत. कोट देऊन आणलात. मी तेव्हा दारातच होतो, बाबा. तुम्ही शर्टावर आलात, डोळ्यांत पाणी. मला वाटलं कोट चोरीला गेला म्हणून रडताय. मग तुम्ही खिशातून हा काढलात आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिलात. आईच्या आधी."

मामंजी दगड हातात घेऊन मुलाकडे बघतच राहिले. त्यांच्या तोंडावर मी आनंद असा फारसा कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो ओळखायला मला वेळ लागला. पण तो तिथे राहिला क्षणभरच. कारण इन्स्पेक्टर स्टुलावरून उठला होता आणि शिपायाला सांगत होता, "माल याचाच आहे. घ्या याला."

तेव्हा मामंजींच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते.

"नाही, नाही साहेब," ते मध्ये आले. "चुकलं त्याचं! तो तुर्की नाहीच! आणि तो जर्मन... तो जर्मन कुठला, तो साधा आहे! याला काही येत नाही, साहेब! याला कधीच काही आलेलं नाही!" ज्यांनी मुलाला जन्मभर नापास केलं, त्यांना त्या एका सकाळी काही केल्या नापास करता येईना. इन्स्पेक्टरने त्यांच्या हातातला बेल्जमचा दगड ट्रंकेत ठेवला आणि त्यांना हात धरून खाटेवर बसवलं. रागाने नाही, चांगल्या रीतीने. ट्रंक उचलायला दोघे लागले. हे चपला घालताना माझ्याकडे बघून हसले, आणि गेले. गॅलरीतून खाली बघितलं तर गाडीत आधी ट्रंक चढवली जात होती आणि मागून हे. घरात भिंतीशी कडप्पा तेवढा राहिला. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवसापासून त्याच्यावर विळी घासायला घेतली, रडत रडत. विळीला छान धार आली, पण ते मामंजींना सांगायची कुणाची छाती नव्हती.

हे आत होते ते दिवस मला अजून नीटसे आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की मामंजी रोज जेवण झालं की टोपी घालून चौकीकडे जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. "धोंड्यांच्या मागे लागलेत," सासूबाई म्हणायच्या. "पोरगं आत आहे आणि ह्यांना धोंडे हवेत." मलाही तेच वाटे, आणि वाईट वाटे. मामंजी टोपी काढून खुंटीला लावत. दाढी वाढत चालली होती. वस्तरे जप्त, न्हाव्याकडे जाणार नाहीत, आणि ह्यांचं यंत्र फळीवर होतं त्याला हात लावणार नाहीत. रविवारी केस मागायला कुणी येत नव्हतं. एका रविवारी मीच फणीतला केस काढला आणि काय करावं ते न सुचून खिडकीतून सोडून दिला.

मग एक दिवस तो म्हातारा हवालदार भाजी घेताना मला भेटला. मालवणकडचा होता. त्यानेच ओळखलं. "वयनी, तुमचो सासरो रोज येता," तो म्हणाला. "आमका वाटला, दगडांसाठी येता. पण म्हाताऱ्यान दगडांचा नाव सुदिक काढूक नाय. 'पोराक निजाक जागा मिळता काय? त्याका कोण मारणत नाय मा?' इतक्याच इचारता. साहेबांका म्हणता, 'माका आत घेवा, त्याका सोडा, दगड माझे.' साहेब म्हणतत, 'तुमच्यासमोरच पोरगो सगळी नावा घडाघडा बोललो, आता काय करतलास?' मगे बाकड्यार बसान ऱवता." मी तशीच भाजी न घेता घरी आले. सासूबाईंना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी ते धोंड्याचं वाक्य बोलायचं सोडलं.

ह्यांच्यावर काहीच सिद्ध होण्यासारखं नव्हतं. बऱ्याच जणांबरोबर ह्यांनाही सोडलं. नोकरीही वाचली, कारण ह्यांच्या साहेबाचा भाचाही आतच होता. घरी आले तेव्हा छातीवर रुळेल की काय अशी दाढी, आणि समोर खाटेवर तशीच दाढी घेऊन मामंजी. सासूबाई म्हणाल्या, "दोन बैरागी झालेत माझ्या घरात," आणि पदराने तोंड झाकून आत गेल्या. ह्यांनी अंघोळ केली, यंत्राने दाढी केली. मग कुणाला न विचारता वाटीत पुन्हा गरम पाणी घेतलं, ब्रशाने फेस केला आणि मामंजींच्या गालांना लावला. मामंजी हलले नाहीत. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. शेवटी मामंजींनी तोंडावरून हात फिरवला. "ओठाखाली राहिलंय," ते मुलाला म्हणाले. मला नाही, मुलाला.

दगड मात्र परत आले नाहीत. वस्तरे सापडले, गंजलेले. दगडांबद्दल कुणी नीट सांगेना. शेवटी त्याच हवालदाराने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवसांत चौकीच्या मागे जप्त केलेल्या दगडधोंड्यांचा ढीगच झाला होता. साहेबांनी आवार साफ करायला सांगितलं. कुणीतरी ट्रंकही त्यात रिकामी केली आणि मुन्सिपाल्टीच्या गाडीने सगळं उचलून भायखळ्याकडे रस्त्याच्या कामावर नेऊन टाकलं.

तिथून पुढे बापलेक रोज सकाळी उठून भायखळ्याला जायला लागले. रस्त्याच्या कडेला खडीचे डोंगर पडलेले. हे कचेरीची वेळ होईपर्यंत दगड उपसायचे आणि मामंजी खाली बसून एकेक हातात घ्यायचे, थुंकी लावायचे, अंगठा फिरवायचे, टाकून द्यायचे. त्यांची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती, पण अंगठा शाबूत होता. संध्याकाळी घरी आले की बोलणं त्याचंच. "तो निळा होता ना, तसा वाटला." "नाही बाबा, जर्मनला काठावर टवका होता." "डाव्या काठावर." "हो, डाव्या." इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं, नसलेल्या दगडांवरून, दोघं बोलत बसायचे. मला मध्ये काही पोचवायचं उरलं नव्हतं. सापडलं काहीच नाही.

मामंजी त्यानंतर काही वर्षं होते. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, समुद्रही मिळाला, ते सगळं त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकून पाहिलं. पण मला त्यांची आठवण येते ती त्या दिवसांतली नाही. तो भायखळ्याच्या दिवसांतला एक शनिवार होता; कचेरी अर्धाच दिवस, म्हणून हे दुपारी परत तिथे गेले होते. मी दोघांचा डबा घेऊन भायखळ्याला गेले तर खडीचे ढीग जागेवर नव्हते. सगळी खडी रस्त्यावर पसरून झाली होती आणि रोलर धडधडत येत होता. मामंजी फुटपाथच्या कडेला उभे होते, हे त्यांच्या शेजारी. रोलर पुढे येताच मामंजींनी मुकादमाला हात केला.

"जरा थांबता का? एकदाच बघू द्या."

मुकादम चांगला माणूस होता. रोज बघत होता त्यांना. तो म्हणाला, "बाबा, किती दिवस बघणार? दगडच आहेत ते."

मामंजी म्हणाले, "हो."

त्यांनी कुणाचं म्हणणं असं मान्य केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. रोलर समोरून गेला, परत आला, परत गेला. खडी दबताना करकर आवाज यायचा. मामंजींनी या वेळी डोळे मिटले नाहीत, सगळं बघितलं. मग ह्यांनी त्यांचा हात धरला आणि आम्ही घराकडे निघालो. डॉकयार्डच्या बाजूने कुठल्याशा बोटीचा भोंगा ऐकू आला तेव्हा मामंजी थोडे थबकले, मग पुन्हा चालायला लागले.

"उद्या रविवार ना रे?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग उद्या काय करायचं?"

"बघू," हे म्हणाले, आणि हात न सोडता त्यांच्या चालीने चालत राहिले. मी भरलेला डबा घेऊन त्यांच्या मागून.